जुन्या खेळसाहित्यावर आरी चालवण्याआधी

माळ्यावरची किटबॅग खाली काढायच्या आधी एक कागद-पेन घ्या आणि घरातून एक चक्कर मारा. कुठे काय अडतंय ते लिहून काढा. खुर्ची सरकवली की फरशीवर कर्कश आवाज होतो, दाराशी पिशव्या अडकवायला जागा नाही, कुंडीतली वेल आडवी पडली आहे, टेबलामागे वायरींचा गुंता झाला आहे, एक स्टूल डुगडुगतं. ही यादी आधी हवी. रॅकेट हातात धरून ‘हिचं काय करता येईल?’ असा विचार सुरू केला की हमखास शोभेची वस्तू तयार होते, चार महिने भिंतीवर राहते आणि पुन्हा माळ्यावर जाते. अडचण आधी ठरली की वस्तू आपसूक सापडते.

मग सगळं साहित्य एका जुन्या चादरीवर मांडा. जे अजून खेळण्याजोगं आहे ते बाजूला काढा आणि त्याला आरी लावू नका. खेळू इच्छिणाऱ्या कुणाला तरी ते द्या. चांगली रॅकेट मोडून आरशाची चौकट करणं मला अजिबात पटत नाही. घरातल्यांनाही विचारून घ्या. तुम्हाला जी फुटकी बॅट वाटते ती कुणाची तरी पहिली बॅट असते. उरलेल्या ढिगाची नीट पाहणी करा. लाकडाला वाळवी किंवा कूज लागली असेल, फोमचा भुगा सुटत असेल, तर ते घरात घेऊच नका.

सफाईला अख्खा एक दिवस ठेवा. किटबॅग रिकामी करून उन्हात उलटी टांगा. वास गेला नाही तर रात्रभर आत खाण्याचा सोडा भुरभुरून ठेवा आणि सकाळी झटकून टाका. चेन अडत असेल तर दातांवर मेणबत्ती घासा. एवढं केलं की त्या लांबलचक बॅगेत जादा रजया, उशा सहज मावतात, आणि हा मला या सगळ्यातला सर्वांत सोपा, सर्वांत उपयोगी बदल वाटतो.

हत्यारं आधीच जमवून ठेवा: बारीक दातांची आरी, ड्रिल आणि दोन-तीन मापांची बिटं, पॉलिश पेपर, पक्कड, धारदार कटर, दाभण, जाड हातमोजे, डोळ्यांना गॉगल, नाकाला मास्क. मास्क विसरू नका. हल्लीच्या बऱ्याच रॅकेट आणि हॉकी स्टिक कार्बन फायबरच्या किंवा काचतंतूच्या (फायबरग्लासच्या) असतात. त्या कापल्या की निघणारी धूळ कातडीला खाजते आणि छातीत जाणं वाईट. अशा वस्तू न कापता, आहेत तशाच वापरायच्या.

बॅटीचा पाट नियमानुसार जास्तीत जास्त १०.८ सेंटिमीटर रुंद आणि अख्खी बॅट ९६.५ सेंटिमीटरपर्यंत लांब असते. म्हणजे दाराशेजारी आडवी लावली तर चार-पाच हूक आरामात बसतात. फक्त विलोचं लाकूड हलकं आणि सरळ रेषांचं असतं, ते रेषेतच चिरतं. पहिल्या बॅटीत मी भोक न पाडता थेट स्क्रू पिळला. तिसऱ्या वेढ्याला बारीक ‘कर्र’ आवाज आला आणि खालच्या टोकापर्यंत केसाएवढी चीर गेली. त्यामुळे आता आधी स्क्रूच्या गाभ्यापेक्षा किंचित बारीक बिटाने भोक पाडतो, टोकापासून निदान चार बोटं आत. हूक एकाच रेषेत न लावता थोडे खाली-वर लावले की चिरायची भीती आणखी कमी होते. लाकडाला पॉलिश पेपर मारून जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. तेलाची चिंधी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आतून तापते आणि आपोआप पेटू शकते. ती मोकळ्या हवेत पसरून वाळवा.

रॅकेटच्या तारा काढायच्या असतील तर कडेपासून सुरुवात नको. त्या ताणलेल्या असतात. एका बाजूच्या सुटल्या की दुसऱ्या बाजूचा ओढा चौकटीला वाकवतो. बरोबर मधोमध सुरुवात करा, एक उभी, एक आडवी, असं करत बाहेर या. पण तारा राहू दिल्या तर उपयोग जास्त: लोंबत्या कानातल्यांचे हूक त्या जाळीत छान अडकतात आणि जोडी हरवत नाही.

टेनिसचा बॉल साधारण साडेसहा सेंटिमीटर जाड असतो. त्यात दाबाखाली भरलेली हवा हळूहळू निसटते म्हणूनच तो खेळायला निकामी होतो, तरी कापण्याआधी दाभणाने टोचून उरलेली हवा जाऊ द्या. मग तो लाकडी फटीत किंवा शिकंज्यात (व्हाइसमध्ये) घट्ट अडकवा. हातात धरून कटर चालवायचा नाही. खुर्चीच्या पायासाठी फुलीच्या आकाराची चीर द्या, पायाच्या जाडीपेक्षा जरा लहान.

कॅरमबोर्डाची खेळायची फळी जवळजवळ ७४ सेंटिमीटर लांब-रुंद असते. पाय न डुगडुगणाऱ्या टेबलावर तो पक्का बसवला तर कोपऱ्यांतली भोकं वायरी खाली सोडायला आयतीच मिळतात. खालच्या जाळ्या काढून टाका. तुटक्या स्टुलाखाली सोंगटी चिकटवली की ते डुगडुगायचं थांबतं.

बाकीचं झटपट सांगतो. स्टंपाला खाली टोक असतंच, तो मोठ्या कुंडीत सरळ ठोकून झाडाला आधार द्या. बॅडमिंटनची जाळी नाजूक वेलींना चालते, पण ताणून बांधा आणि उरलेली गुंडाळा, सैल जाळीत पक्षी अडकतात. योगा मॅटचे तुकडे ड्रॉवरमध्ये, सतरंजीखाली घाला. गंजलेला डंबेल घासून रंगवला की दाराला अडणी होतो.

काही गोष्टी यादीतून आधीच खोडा. मार खाल्लेलं सायकलचं हेल्मेट डोक्यासाठी पुन्हा नाही. त्यातला फोम एकदा दबला की परत फुलत नाही. त्यात रोप लावायचं तर पट्टे कापूनच लावा, म्हणजे कुणी चुकून घालणार नाही. टेबल टेनिसचे जुने बॉल सेल्युलॉइडचे असतात आणि भडकन पेटतात. मोठ्या स्पर्धांत प्लॅस्टिकचे बॉल २०१४ पासून आले, त्याआधीचा साठा दिव्याजवळ, बल्बजवळ ठेवूच नका. विकेटकीपरचे ग्लोव्ह्ज गरम भांडं धरायला घेऊ नका. गिर्यारोहणाच्या जुन्या दोराला झोका टांगायचा नाही. नायलॉन उन्हाने आतून कमजोर होतं आणि वरून ते दिसत नाही.

सगळं लावून झाल्यावर आठ दिवसांनी स्क्रू पुन्हा आवळा, कारण वजन पडल्यावर ते थोडे सैल होतात. खुर्च्यांचे बॉल महिन्याने उलटे करून बघा. लोकरीत वाळूचे कण रुतले असतील तर फरशीवर ओरखडे पडतील. ब्रशने झाडून टाका, नाही निघाले तर बॉल बदला.