चष्मा विसरणारं घर

आमच्या घरात चष्मा विसरण्याची परंपरा आहे. फॉर्म भरायची वेळ आली की सासऱ्यांचा चष्मा हमखास सापडत नाही. नवरा कोणतंही बिघडलेलं यंत्र उघडून पुन्हा जोडून देतो, पण दोन ओळींचा निरोप लिहायचा झाला तर फोनच करतो. लग्नानंतर कितीतरी वर्षं मी याला आळस म्हणत होते. मुलगा दुसरीत गेला, तेव्हा डिस्लेक्सिया, म्हणजे हुशार असूनही वाचणं-लिहिणं अवघड जाणं, हा शब्द कळला आणि माझे डोळे उघडले.

तो धडा घडाघडा वाचायचा. एकदा माझं लक्ष बोटाकडे गेलं. तोंडात पाचवी ओळ आणि बोट तिसरीवर! म्हणजे धडा पाठ होता. तुम्हाला शंका असेल तर हे करून बघा: चित्र हाताने झाका आणि ओळ शेवटच्या शब्दापासून उलटी वाचायला सांगा. पाठांतर तिथे उघडं पडतं. अडखळला तर लगेच घाबरू नका, आणि मुख्य म्हणजे हसू नका.

वही बघताना चुका मोजू नका, चुकांची तऱ्हा बघा. आमच्याकडे 'प्रकाश' हा शब्द एकाच पानावर 'परकाश', 'पकाश' आणि 'प्रकश' असा तीन तऱ्हांनी उतरला होता. 'घ'चा 'ध' किंवा 'भ'चा 'म' सुरुवातीला बऱ्याच मुलांचा होतो, त्यावरून काहीच ठरत नाही. मूळ अडचण बहुतेकदा डोळ्यांत नसते, शब्दातले आवाज सुटे करण्यात असते. म्हणून कागद बाजूला ठेवून तोंडी खेळ घ्या. 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरलं? 'पान'मधल्या 'प'च्या जागी 'क' आला तर? बरोबरीची मुलं पटकन सांगतात आणि आपलं मूल पुन्हा पुन्हा अडतं, असं दिसलं तर नोंद करा. मराठीत अक्षर आणि उच्चार बऱ्यापैकी जुळतात, त्यामुळे काही मुलं बरोबर वाचतात पण फार सावकाश, दमून. तेही लक्षणच. इंग्रजीत स्पेलिंग बेभरवशाचं, तिथे तेच मूल जास्त उघडं पडतं.

आता घरातल्या मोठ्यांकडे वळा. डिस्लेक्सिया घराण्यात उतरतो. सगळ्याच मुलांत नाही, पण आईला किंवा वडिलांना असेल तर शक्यता बरीच वाढते. फक्त "तुम्हाला वाचता येत नव्हतं का?" असं विचारू नका. मी सासऱ्यांना विचारलं, "बाबा, शाळेत कुठला तास नकोसा वाटायचा?" ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मोठ्याने वाचायचा. पुढे किती मुलं आहेत ते मोजायचो, आपला परिच्छेद हेरून ठेवायचो. हिशेब चुकला की पाणी प्यायला बाहेर." नवरा ऐकत होता. तो म्हणाला, "मी पण मोजायचो."

हे बुद्धीचं दुखणं नाही. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या ब्रिटिश डॉक्टरांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. त्याला स्वतःचं नावसुद्धा नीट लिहिता येत नव्हतं. शिकवणं सगळं तोंडी असतं तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकांचं मत होतं. आमच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात मात्र 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही' असा शेरा होता. शुद्धलेखनाच्या दिवशी सकाळी पोट दुखायचं, आणि सुट्टीच्या दिवशी कधीच नाही. मी ते नाटक समजले. त्याची बोच अजून आहे.

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. दोन-तीन आठवडे तारखेसह नोंदी ठेवा, वह्या जपा, घरातल्यांचं शाळेतलं अनुभवकथनही दोन ओळींत लिहा. हे सगळं घेऊन बालमानसतज्ज्ञाकडे किंवा विशेष शिक्षकाकडे जा. 'मोठा झाला की येईल' म्हणून वर्ष घालवू नका. आवाज आणि अक्षर यांची सांगड घालून, पायरीपायरीने शिकवण्याचा उपयोग लवकर सुरुवात केली तर जास्त होतो.

शाळेकडे मागणी नेमकी करा: जादा वेळ, काही उत्तरं तोंडी, फळ्यावरून उतरवण्याऐवजी छापील कागद. मी सगळ्यात आधी एवढंच मागितलं, की वर्गात मोठ्याने वाचायचा परिच्छेद त्याला आदल्या दिवशी सांगा. बाई लगेच हो म्हणाल्या. घरी येऊन सांगितलं, तर सासरे म्हणाले, "असं मागता येतं होय?"