पास येण्याआधी मान वळवा

हॉकीत इंडियाची जर्सी घालायचीच असं ठरवून मैदानावर येणाऱ्या सोलापूरच्या पोरींनो, एक सवय आजच मोडा. तिच्यापायी माझं अख्खं वर्ष गेलं.

आपल्या मातीवर चेंडू उड्या मारत येतो, खडा लागला की दिशा बदलतो. म्हणून आपण आधी तो अडवतो आणि मग मान वर करून कुणाला द्यायचा ते बघतो. इथं ते खपतं, कारण समोरचीही तशीच खेळते. पुण्याला ट्रायलला गेले, तिथं पाणी मारलेलं टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत. पहिला पास अडवला, मान वर केली, तोवर चेंडू गेलेला. दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्याला घाबरून आधीच वर बघितलं, चेंडू स्टिकखालून निघून गेला. परतताना हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये कुर्डुवाडीपर्यंत स्टिकची ग्रिप सोडत आणि पुन्हा गुंडाळत बसले होते.

मला वाटलं, वेग कमी पडला. सहा महिने नुसती धावले. फुकट! पास देणारी स्टिक मागे नेते, तेव्हाच खांद्यावरून मागे बघून घ्यायचं. मग नजर चेंडूवर, गुडघे वाकलेले, हात सैल. पहिल्या स्पर्शातच चेंडू मोकळ्या जागेत न्यायचा. टर्फ नाही म्हणून रडू नका. शहाबादी फरशी आणि भिंत पुरते. मैत्रिणीला मागे उभी करा, ती बोटं दाखवेल. चेंडू भिंतीवरून परत यायच्या आत आकडा ओरडायचा. रोज शंभर वेळा.

महागडी स्टिक घेऊ नका. ‘निवड करून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्यापुढून सरळ उठून या. आणि नुसतं कौतुक करणाऱ्या सरांपेक्षा ‘वर बघ!’ म्हणून खेकसणारे सर कधीही बरे.

वाट अवघड आहे. जिल्हा, राज्य, राष्ट्रीय स्पर्धा, मग बंगळूरचा कॅम्प. ऑलिम्पिकचा मूळ संघ फक्त 16 जणींचा. राणी रामपाल 2010 चा विश्वचषक पंधराव्या वर्षी खेळली, हे घरचे ऐकवतील. पण सविता पुनियाचं सीनियर संघात पदार्पण 2011 मध्ये, विशी गाठल्यावर झालं, हेही त्यांना सांगा. वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे फलटण तालुक्यातल्या, म्हणजे आपल्या माळशिरसच्या शेजारच्या. दोघी इंडियाकडून खेळल्या. तेव्हा लांब आहे म्हणून घाबरू नका.

आणि हो, टर्फचे शूज ट्रायलच्या दिवशी कोरे घालू नका. माझ्या दोन्ही टाचा सोलल्या होत्या.