पांढऱ्या मांजराच्या कानाला न भरणारी जखम झालीये? हे करा

पांढरं किंवा कानानाकावर पांढरे केस असलेलं मांजर असेल तर कानाची टोकं, नाकाचा शेंडा आणि पापण्या नीट बघत जा, तिथे केस विरळ असतात आणि वर्षानुवर्षं ऊन खाऊन कॅन्सर होऊ शकतो, त्याला स्क्वॅमस सेल कार्सिनोमा म्हणतात. सुरुवातीला नुसती लाली, पापुद्रे, मग खपली धरते, निघते, रक्त येतं, परत धरते. लोकांना वाटतं भांडणात ओरखडा बसला, पण दोन-तीन आठवड्यांत भरलं नाही तर सरळ व्हेटकडे न्या आणि बायोप्सीचं (तिथला छोटा तुकडा काढून तपासणं) विचारा.

कानावर असेल तर ऑपरेशन करून तेवढा कान काढतात, ऐकायला नंतरही येतं, आणि वेळेत झालं तर बऱ्याचदा तिथला आजार पूर्ण जातो, त्यामुळे दिसायला कसं दिसेल म्हणून प्लीज थांबू नका. नाकावर छोटं असेल तर क्रायोथेरपी म्हणजे तो भाग गोठवून नष्ट करणं, किंवा रेडिएशन, पण ते सगळीकडे मिळत नाही.

घरातली माणसांची क्रीम अजिबात लावू नका, फ्लुरोयुरॅसिलचं मलम (माणसांच्या त्वचेच्या कॅन्सरवर वापरतात ते) तर चाटलं तरी मांजर दगावू शकतं. ऑपरेशननंतर जखम खाजवू नये म्हणून गळ्यात घातलेली शंकूसारखी कॉलर काढू नका, आणि दहा ते चार उन्हात सोडू नका.