दवाखान्यात हलगर्जी झाली, तर ग्राहक आयोगात दाद कशी मागायची

डॉक्टरविरुद्धची तक्रार टिकणार की नाही, हे बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यातच ठरतं. रुग्ण दगावला की घरचे गाडी करून मृतदेह गावी आणतात, दिवस मावळायच्या आत अंत्यसंस्कार उरकतात आणि तेरवीनंतर कोणीतरी म्हणतं, "केस करा." तोवर शवविच्छेदनाची वेळ निघून गेलेली असते आणि मृत्यू कशाने झाला याचा सर्वांत भक्कम पुरावा हातचा गेलेला असतो. संशय असेल तर मृतदेह हलवण्याआधीच पोलिसांना लेखी कळवून शवविच्छेदन मागा. अशा घडीला घरच्यांना हे सुचत नाही, म्हणून सोबतच्या एखाद्या शांत डोक्याच्या माणसाने ते अंगावर घ्यावं. तोडफोड मात्र कोणालाही करू देऊ नका. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने तो अजामीनपात्र गुन्हा आहे. मग तक्रारदारच आरोपी होतो आणि मूळ प्रश्न मागे पडतो.

दुसरं काम फाईलचं. भरती रुग्णाची कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, पण ती जपून ठेवण्याची सक्ती फक्त ३ वर्षांची आहे. अर्ज दोन प्रतींत करा आणि एका प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. अर्जात नुसतं "फाईल द्या" लिहू नका. केस पेपर, नर्सच्या नोंदी, भूल दिल्याची नोंद, ऑपरेशनची नोंद, संमतीपत्र, तपासण्यांचे अहवाल आणि डिस्चार्ज कार्ड अशी नावं घालून मागा. तालुक्यातल्या डॉक्टरने नागपूरला पाठवताना दिलेली रेफर चिठ्ठी आपल्याजवळ ठेवा, निदान मोबाईलवर तिचा फोटो काढा. रुग्णाला किती वाजता पाठवलं आणि तेव्हा त्याची हालत काय होती, हे त्या चिठ्ठीवरच असतं. पुढच्या दवाखान्यात ती जमा झाली की सहसा परत मिळत नाही. कच्च्या बिलावर समाधान मानू नका. पक्कं बिल मिळालंच नाही, तर फोन पेच्या नोंदी आणि मेडिकलची बिलं जमवा.

ग्राहक संरक्षण कायदा कोणत्या दवाखान्याला लागतो? सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात ठरवून दिलं आहे की पैसे घेऊन केलेला उपचार ही 'सेवा' आहे. २०१९ च्या नव्या कायद्यातही डॉक्टर बाहेर गेलेले नाहीत. जिथे सगळ्यांना सगळंच मोफत, ते प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा सरकारी रुग्णालय यात येत नाही. चिठ्ठी काढायला भरलेले किरकोळ पैसे शुल्क धरत नाहीत. पण काहींकडून पैसे घेणाऱ्या आणि काहींना मोफत पाहणाऱ्या दवाखान्यातला मोफत रुग्णही ग्राहकच असतो. त्यामुळे महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून खासगी दवाखान्यात ऑपरेशन झालं असेल, तर "तुम्ही पैसे कुठे भरले?" या प्रश्नाला घाबरू नका. पूर्ण मोफत सरकारी रुग्णालयाविरुद्ध दिवाणी न्यायालयात भरपाई मागता येते. तिथली कागदपत्रं न मिळाल्यास माहिती अधिकाराचा अर्ज करा.

आता सर्वांत अवघड भाग. रुग्ण बरा झाला नाही, एवढ्याने हलगर्जी ठरत नाही. त्या शाखेचा साधारण कुशल डॉक्टर जे करेल ते केलं का, एवढंच पाहिलं जातं. म्हणून तक्रारीत "डॉक्टरने मारलं" असं लिहू नका. अमुक तारखेला अमुक वाजता ताप व रक्तदाबाची ही नोंद होती, अमुक तपासणी हवी होती, ती इतक्या तासांनी झाली, असं लिहा. त्याच शाखेच्या डॉक्टरचं लेखी मत मिळालं तर बळ येतं. ते मिळत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाकडून मत मागवण्याची विनंती आयोगाला करा. पोटात कापड राहणं, उजव्याऐवजी डावा पाय उघडणं अशा ढळढळीत चुकीला तज्ज्ञ लागतोच असं नाही. संमतीपत्रही नीट वाचा. दुर्बिणीने तपासणी करायला दिलेल्या संमतीवर गर्भाशय काढणं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये चुकीचं ठरवलं आहे. कोऱ्या जागा असलेल्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका.

तक्रार दाखल करायची मुदत २ वर्षांची. कापड राहिल्यासारखी चूक उशिरा कळली तर मुदत कळल्यापासून मोजता येते, पण वर्षानुवर्षं पोट दुखत असूनही तपासणीच केली नाही, तर हा आधार मिळत नाही. अशी एक तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन मुदतीवरच पडली आहे.

ऑपरेशन नागपूरला झालं तरी तक्रार तुमच्या जिल्ह्याच्या आयोगात चालते. गडचिरोलीच्या माणसाने नागपूरच्या चकरा मारायचं कारण नाही. भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. इथे मागितलेली भरपाई नव्हे, दवाखान्याला दिलेली रक्कम मोजतात. बिल ८० हजारांचं आणि मागणी १५ लाखांची असली तरी प्रकरण जिल्ह्यातच राहतं. ५ लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क शून्य. वकील सक्तीचा नाही, पण वैद्यकीय प्रकरणात अनुभवी वकील घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. तक्रार, प्रतिज्ञापत्र, तारीखवार घटनाक्रम आणि कागदांची यादी जोडा. डॉक्टर आणि दवाखाना दोघांनाही सामनेवाला, म्हणजे विरुद्ध पक्ष करा. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती या सरकारी पोर्टलवरूनही तक्रार दाखल करता येते. भरपाईच्या आकड्यामागे हिशेब हवा: पुढच्या उपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी, वावरात न करता आलेला हंगाम.

नोटीस मिळाल्यावर डॉक्टरला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५ मिळतात. त्यानंतरचं उत्तर घेऊ नये, असा अर्ज लगेच द्या. निकाल विरुद्ध गेला तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं. विदर्भासाठी त्याचं खंडपीठ नागपूरला बसतं.