इंग्रजीत तिरस्कार व्यक्त करायला शिकताना

हेट आणि डिसलाइक हे शब्द सर्वांनाच येतात. खरी अडचण त्यापुढे सुरू होते. समानार्थी शब्दांच्या याद्यांत डिटेस्ट, लोद, अॅबॉर, डिस्पाइज आणि रिझेंट एका ओळीत बसवलेले असतात, आणि त्या पाठ करणाऱ्याची समजूत होते की हे सगळे हेटचेच कमीअधिक तीव्र प्रकार आहेत. या समजुतीतून बाहेर पडायला मला फार कष्ट पडले, म्हणून तेवढे सविस्तर लिहितो.

या शब्दांत फरक आहे तो मुख्यतः नावडीच्या कारणाचा. ज्याला आपण कमी लेखतो त्यालाच डिस्पाइज करता येते. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थच वरून खाली पाहणे असा आहे. त्यामुळे ज्याचा दरारा वाटतो, ज्याची कर्तबगारी मनातून मान्य आहे, अशा वरिष्ठाचा कितीही राग आला तरी तिथे हा शब्द चुकतो. त्याने आपल्याला डावलले असेल, तर ती सल रिझेंटने सांगावी: ‘आय रिझेंट बीइंग इग्नोर्ड.’ अन्याय झाल्याची भावना नसेल, तर रिझेंट वापरूच नये. क्रौर्य किंवा वंशभेद यांसारख्या, सदसद्विवेकाला न पटणाऱ्या गोष्टींसाठी अॅबॉर शोभतो, तर लोदमध्ये किळसेची छटा असते.

जितका जड शब्द तितके जास्त गुण, असे सांगणाऱ्या मार्गदर्शकांवर माझा अजिबात विश्वास नाही. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेतील लेखन आणि संभाषण चाचण्यांत शब्दसंपत्तीला एक चतुर्थांश वजन असते खरे, परंतु तिथे नेमकेपणाही पाहिला जातो, आणि चुकीच्या जागी बसवलेला भारी शब्द परीक्षकाच्या लगेच लक्षात येतो.

व्याकरणाचे एवढेच पाहावे: हेटनंतर ‘टू वेट’ आणि ‘वेटिंग’ दोन्ही चालतात, डिटेस्ट, लोद आणि डिसलाइक यांच्यानंतर मात्र ‘वेटिंग’च म्हणावे. नामांपैकी कन्टेम्प्टला (तुच्छता) फॉर आणि अव्हर्जनला (तिटकारा) टू लागतो.

इतके सारे वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही. रोजच्या बोलण्यात ‘आय कान्ट स्टँड इट’ एवढ्यावर उत्तम भागते, आणि सौम्य नापसंतीसाठी ‘आय अॅम नॉट कीन ऑन इट’ पुरते. गप्पांमध्ये अॅबॉर उलट पुस्तकी वाटतो. कोणी ‘आय हेट टू बॉदर यू’ म्हणाले, तर त्यात द्वेष शोधू नये, कारण तसे म्हणणारा तुम्हाला त्रास द्यावा लागत असल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करीत असतो.