एक्सएसडीत टाइपला नाव कधी द्यायचं?

इंदुरात सुपर कॉरिडॉरवरच्या कंपन्यांत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी हे टिपण.

एक्सएसडी म्हणजे एक्सएमएल फायलीची रचना ठरवणारा स्कीमा, आणि टाइप म्हणजे एखाद्या एलिमेंटात काय चालेल याची व्याख्या. एका ऑर्डरचा स्कीमा घ्या. बिल राजवाड्याजवळच्या दुकानाच्या नावे, माल पोचवायचा बडोद्याला मांडवीत. पत्ते दोन, रचना एकच. दोन्ही एलिमेंटांच्या पोटात कॉम्प्लेक्सटाइप (आत इतर एलिमेंटं ठेवता येणारा टाइप) वेगवेगळा लिहिला की तो निनावी राहतो. पुढे नियम एकीकडे बदलतो, दुसरीकडे जुनाच राहतो. असा भाग स्कीमात वरच्या पातळीवर आणा, 'अ‍ॅड्रेसटाइप' नाव द्या आणि दोन्हीकडून टाइप अ‍ॅट्रिब्यूटने बोलवा. 'बिलिंगअ‍ॅड्रेसटाइप' असं नाव ठेवलंत तर डिलिव्हरीच्या वेळी पंचाईत होते.

इथे दोन चुका हमखास होतात. टार्गेट नेमस्पेस (स्कीमातली नावं जिच्यात मोडतात ती) आहे, पण डीफॉल्ट नेमस्पेस (प्रीफिक्स नसलेल्या नावांना लागणारी) तीच नाही, अशा वेळी टाइपच्या नावाआधी प्रीफिक्स लागतो. तो राहिला की झर्सीस हा एक्सएमएल तपासणारा पार्सर 'कॅनॉट रिझॉल्व्ह द नेम' म्हणत अडतो. दुसरी, टाइप अ‍ॅट्रिब्यूट लिहूनही आतला जुना कॉम्प्लेक्सटाइप काढायचा राहतो. दोन्ही एकत्र चालत नाहीत.

पिनकोडला स्वतंत्र, नाव असलेला सिंपलटाइप (आत एलिमेंटं नसलेला, नुसत्या मूल्याचा टाइप) कराच. पॅटर्नमध्ये, म्हणजे मूल्य कसं दिसावं ते सांगणाऱ्या रेजेक्समध्ये, बॅकस्लॅश-डी सहा वेळा मागितलात तर देवनागरीत लिहिलेला ४५२००१ सुद्धा पास होतो, कारण एक्सएसडीत त्याचा अर्थ युनिकोडमधला कुठलाही दशमान अंक! मग पुढची सिस्टीम तो नाकारते आणि दोष कुठे आहे ते लवकर सापडत नाही. म्हणून चौकटी कंसात इंग्रजी अंकच लिहा: पहिला एक ते नऊ, पुढचे पाच शून्य ते नऊ. आरंभाची आणि शेवटाची रेजेक्सची चिन्हं लावू नका. पॅटर्न मुळातच पूर्ण मूल्याला लागतो; ती चिन्हं इथे साधी अक्षरं ठरतात आणि बरोबर पिनकोडही नापास होतो.

मग सगळ्यांनाच नावं द्यावीत का? नाही. एकदाच येणारा, वाढवायचा नसलेला भाग निनावी असू द्या. रूट एलिमेंटचा टाइप तर जॅक्सबी (एक्सएमएल आणि जावा क्लास जोडणारी सोय) वापरताना निनावीच बरा: एक्सजेसी हे स्कीमावरून क्लास बनवणारं टूल त्याच्या क्लासवर रूट एलिमेंटचं अ‍ॅनोटेशन आपोआप घालतं. नाव दिलेल्या टाइपवर सहसा घालत नाही, मग त्याचा ऑब्जेक्ट, एक्सजेसीनेच बनवलेल्या ऑब्जेक्टफॅक्टरी क्लासमधून, जॅक्सबीएलिमेंटात गुंडाळावा लागतो. मात्र पुढे एक्स्टेन्शन करायचं असेल तर नाव हवंच, कारण निनावी टाइप बेस होऊ शकत नाही.

हे सगळं स्कीमा बाहेर देण्याआधी ठरवा. नंतर नाव दिलंत तर एक्सएमएल फायली चालतात, पण नव्याने तयार केलेल्या कोडमध्ये आतला क्लास बाहेर येतो, त्याचं नाव बदलतं आणि समोरच्या टीमचं बिल्ड तुटतं.