फ्रेममधली रेकॉर्ड खरी की नुसती शोभेची?

जुन्या रॉक अँड रोलच्या फ्रेम केलेल्या रेकॉर्डमध्ये कधीकधी तबकडी भलतीच आणि वर चिकटवलेलं लेबल गायक एल्विस प्रेस्लीचं, असा प्रकार निघतो. काच न उघडता ओळखायचं असेल तर:

१. मोबाइलचा टॉर्च काचेवर तिरका धरा. गाण्यांमधल्या रुंद, चकचकीत रेघा लगेच उठून दिसतात.
२. त्यावरून गाणी मोजा. एल्विसच्या १९५६च्या पहिल्या एलपीवर (मोठ्या, जास्त गाण्यांच्या रेकॉर्डवर) १२ गाणी, म्हणजे एका बाजूला सहा. चारच गाणी भरली की समजा, लेबल उपरं आहे.
३. लेबलालगतच्या कोऱ्या कडेवर कोरलेला नंबर विक्रेत्याकडून फोटोत मागवा; तबकडी मुळात कोणती, ते त्यावरून कळतं. टाळाटाळ झाली तर मी तरी पुढे जात नाही.

घरी आणल्यावर उन्हाच्या भिंतीवर मात्र टांगू नका. काचेआड तापून तबकडी पापडासारखी वाकते.